विचारा बिनधास्त: काम नाही, तरी बेरोजगार नाही?

प्रश्न: सर नमस्कार, आमचे जिजाजी न्यू जर्सीत असतात, वय ४७, मागच्या वर्षी नोकरी गेली, सात-आठ महिने खूप अर्ज टाकले, आता कंटाळून बंद केलं, ताई कमावते आणि ते घर-मुलं बघतात. परवा फोनवर हसत म्हणाले, सरकारच्या हिशोबात मी बेरोजगार नाहीच! असं कसं? आणि अमेरिकेत १० कोटी लोक काम करत नाहीत असा एक व्हिडिओ फिरतोय, तो खरा का? (एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर: जिजाजी बरोबर बोलतायत. तिकडे दर महिन्याला साधारण ६०,००० घरांना विचारतात, आणि प्रश्न असतात १२ तारीख ज्या आठवड्यात येते त्या आठवड्याबद्दल. पैशासाठी एक तास जरी काम केलं तरी माणूस कामावर. नसेल केलं तर मागच्या चार आठवड्यांत काम शोधलं का, आणि मिळालं तर लगेच करू शकाल का, हे विचारतात. दोन्हीला हो म्हटलं तरच बेरोजगार, नाहीतर गडी लेबर फोर्सच्याच (म्हणजे कामावर असलेले आणि काम शोधणारे यांच्या) बाहेर. आणि शोधणं म्हणजे अर्ज टाकणं, फोन करणं, मोबाईलवर नुसत्या जाहिराती वाचल्या तर ते अमेरिकेत शोधणं धरत नाहीत, शेजारी कॅनडात मात्र धरतात, म्हणजे तोच माणूस सीमा ओलांडली की बेरोजगार!

आता यातली गंमत बघा. १०० लोकांत ९० कामावर, १० शोधतायत, बेरोजगारी १० टक्के. त्यातले ५ जण जिजाजींसारखे थकून घरी बसले की उरले ९५, त्यात शोधणारे ५, झाली बेरोजगारी सव्वापाच टक्के. नोकरी एकालाही लागली नाही आणि टीव्हीवर आनंदीआनंद. जिजाजींना अजून काम हवं असेल, करायची तयारी असेल आणि मागच्या १२ महिन्यांत शोधलं असेल तर त्यांच्यासारख्यांना धरून एक मोठा आकडा वेगळा काढतात, पण तो हेडलाइनमध्ये येत नाही.

१० कोटींचं म्हणाल तर आकडा साधारण खरा आहे, अर्थ मात्र पार चुकीचा. तिकडे १६ च्या पुढचे सगळे धरतात, वर मर्यादाच नाही, त्यामुळे ८५ वर्षांच्या आजीबाई पण त्यात आणि कॉलेजातली पोरं पण. म्हणून मी तरी २५ ते ५४ वयाचाच आकडा बघतो, कारण या वयात शिक्षण संपलेलं असतं आणि रिटायरमेंट लांब असते. १९५० च्या दशकात या वयाच्या १०० पुरुषांत ९७ तरी कामात किंवा शोधात होते, आता ८९ च्या आसपास. चिंता करायची तर ह्या फरकाची करा. (तुरुंगातले लोक तर यात कुठेच मोजत नाहीत.) ब्रिटन १६ ते ६४ धरतं, तिथे लेबर फोर्सबाहेरचे ९० लाखांच्या वर, आणि त्यात दीर्घ आजारामुळे घरी बसलेलेच २५ लाखांहून जास्त. पण तिथे लोकांनी सर्व्हेला उत्तरं देणंच इतकं कमी केलं की २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्व्हेचे आकडे काही काळ थांबवावे लागले.

आणि घरातल्या एकाने दुसऱ्याबद्दल दिलेलं उत्तर किती धरायचं तेही बघा. तरुणपणी मी एका सर्व्हेसाठी मल्हारगंजात दारोदार फिरलोय. एका वाड्यात आजी म्हणाल्या, सून काही करत नाही, घरीच असते, लिहून टाका. मागे अंगणात सून खाटेवर पापड वाळत घालत होती, शे-दीडशे तरी असतील, विचारलं तर म्हणाली दुकानदार घेऊन जातो, शेकड्याने पैसे देतो. एक तासाच्या नियमाने ती पक्की कामावर! मी आधीचं खोडून नवं लिहिलं तर आजी दोन मिनिटं माझ्याशी बोलल्या नाहीत.

प्रश्न: युरोपात ‘नीट’ तरुण वाढले असं वाचलं. माझा मुलगा बारावीनंतर ड्रॉप घेऊन नीटचीच तयारी करतोय, तो पण यातच का हो? (एक आई, सुदामा नगर)

उत्तर: ताई, हे नीट वेगळं, ना परीक्षेचं ना आपल्या ‘नीट वाग’मधलं. शिक्षणात नाही, नोकरीत नाही, ट्रेनिंगमध्ये नाही असे तरुण, त्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत ती. युरोपियन युनियन १५ ते २९ वय धरतं आणि मागच्या चार आठवड्यांत क्लास-कोर्स केला असेल तरी सूट देतं, म्हणजे भंवरकुआंच्या कोचिंगला जाणारा तुमचा मुलगा तिथे सुटला. ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) मात्र फक्त शाळा-कॉलेजचं रीतसर शिक्षण धरते, कोचिंग नाही. त्यांच्या वहीत तो नीटची तयारी करणारा नीट! त्याला सांगू नका एवढ्यात, पेपर होऊ द्या आधी.