तीन वर्षांचं लर्निंग पॅकेज : ॲप ठीक, हप्ता नको

प्रश्न : आमची मुलगी साडेचार वर्षांची आहे, मराठी शाळेच्या मोठ्या गटात जाते. मुलाच्या वेगाप्रमाणे धडे बदलणाऱ्या एका लर्निंग ॲपचं तीन वर्षांचं पॅकेज टॅबसकट 45,000 रुपयांना सांगितलं आहे. 4,500 आता आणि 2,250 चे 18 हप्ते, 'शून्य व्याज'. रोख भरल्यास 39,000. याच ॲपची महिन्याची वर्गणी 999 आहे. तसाच टॅब दुकानात 9,500 ला मिळतो. हातात येणारा पगार 68,000, गृहकर्जाचा हप्ता 21,500, घरखर्च 30,000, बचत खात्यात 60,000. पुढच्या जूनमध्ये पहिलीचा प्रवेश आहे. आधार-पॅनच्या प्रती दिल्या आहेत, ई-मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची परवानगी) बाकी आहे. घ्यावं का?

उत्तर : पॅकेज घेऊ नका. ॲप वापरून बघायला हरकत नाही, फक्त महिन्याच्या वर्गणीवर. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, विक्रेत्याने त्या एकत्र बांधून तुमच्यापुढे ठेवल्या आहेत.

आधी 'शून्य व्याज' पाहू. रोख किंमत 39,000 आहे, म्हणजे 4,500 भरल्यावर तुम्ही प्रत्यक्षात 34,500 उधार घेता आणि 40,500 फेडता. वरचे 6,000 हे व्याजच. घटत्या शिल्लकेवर त्याचा दर वर्षाला सुमारे 21 टक्के पडतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. तो खर्च किमतीत नाहीतर गमावलेल्या सवलतीत दडलेला असतो.

आता टॅबचे 9,500 बाजूला काढा. हप्त्याने घेतलं तर नुसत्या सॉफ्टवेअरचे 35,500 होतात. 999 ने भागलं की साडेपस्तीस महिने. म्हणजे 36 पैकी 36 महिने मुलीने नेमाने वापरलं तरच पॅकेज मासिक वर्गणीच्या बरोबरीला येतं. रोखीने घेतलं तरी 30 महिने लागतात. साडेचार वर्षांचं मूल एकच ॲप अडीच वर्षं चालवेल यावर मी तुमचे पैसे लावणार नाही. चौदा महिन्यांत कंटाळली, तर मासिक वर्गणीत 13,986 गेले असते; पॅकेजमध्ये मात्र उरलेले हप्ते चालूच राहतील.

यात एक गंमत आहे. असं सॉफ्टवेअर सुरुवातीला चाचणी घेतं आणि जे येतं ते वगळून पुढे नेतं. पॅकेज वय 3 ते 8 साठी असेल, तर तुमच्या मुलीच्या बाबतीत सुरुवातीचा बराच भाग पहिल्या काही दिवसांतच उडेल. ॲप जितकं चांगलं चालेल, तितका तुम्ही विकत घेतलेला मजकूर लवकर संपेल! वर्षांच्या हिशेबाने पैसे भरणं इथे मुळातच जुळत नाही.

शिवाय असं सॉफ्टवेअर बनवणं म्हणजे काही गुपित नाही. मुलांना स्वतःहून शिकता येईल अशा सॉफ्टवेअरसाठीच्या ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ स्पर्धेत टांझानियातल्या मुलांवर तपासलेली, 2019 मध्ये विजेती ठरलेली किटकिट स्कूल आणि वनबिलियन यांची सॉफ्टवेअर्स खुल्या परवान्याने उपलब्ध झाली. खान अकॅडमी किड्स हे 2 ते 8 वयाचं ॲप मोफत आहे, जाहिरातीही नाहीत. इंग्रजीत आहे एवढंच. मराठी गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे, तेही फुकट. मुलगी मराठी शाळेत जाते, तेव्हा पैसे देण्याआधी ॲपमध्ये काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरं शिकवली आहेत का ते स्वतः उघडून पाहा. नुसती मराठी आवाजातली इंग्रजी फोनिक्स (अक्षरांचे उच्चार) असेल, तर पहिलीत त्याचा फारसा उपयोग नाही.

पाहायचं असेल तर असं पाहा. आधी मोफत ॲपवर तीन आठवडे, घरातल्याच फोनवर, रोज 15-20 मिनिटं, शेजारी बसून. (दोन ते पाच वयाला दिवसभरात जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, असं भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना सांगते, तो तास टीव्ही धरून.) तुम्ही बोटाने उत्तर दाखवलंत किंवा तिच्या प्रोफाइलवर मोठा भाऊ खेळला, तर ॲपला वाटतं तिला येतं, ते पातळी चढवतं आणि दोन दिवसांत ती फोन फेकून देते. उलट, नुसती टकटक करून अंदाजाने उत्तरं दिली, तर पातळी खाली येते आणि तेच तेच समोर येत राहतं. म्हणून आठवड्यातून एकदा ॲपबाहेर तपासा : 10 चिंचोके मोजून त्यातले 3 बाजूला काढता येतात का, शिकलेलं अक्षर नवीन पुस्तकात ओळखते का. ॲपमधल्या ताऱ्यांवर जाऊ नका.

मोफत ॲप नेमाने चाललं, तर तीन महिने 999 भरा. एकूण 2,997. ज्या दिवशी भराल त्याच दिवशी स्वयंचलित नूतनीकरण बंद करा. तरीही भरलेला काळ वापरता येतो. ॲप काढून टाकल्याने वर्गणी बंद होत नाही, प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन रद्द करावी लागते. अशा आपोआप पैसे कापण्याबद्दल (ऑटो-डेबिट) शिक्षण मंत्रालयानेही डिसेंबर 2021 मध्ये पालकांना सावध केलं होतं.

तातडीचं काम कागदपत्रांचं. ई-मँडेटला मंजुरी देऊ नका, कुठलाही ओटीपी सांगू नका, आणि 'मला कर्ज नको, माझी कागदपत्रं वापरू नयेत' असं कंपनीला आजच ईमेलने कळवा. हप्त्याचं कर्ज सहसा वेगळी वित्तकंपनी देते. ॲप बंद पडलं तरी ती हप्ता मागतेच. नुसतं मँडेट बँकेतून थांबवलं तर कर्ज मिटत नाही, सिबिल (कर्जफेडीचा गुणांक) मात्र बिघडतो. कर्ज आधीच मंजूर झालं असेल, तर करारातली कूलिंग-ऑफची मुदत पाहा : त्या दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. कंपनी दाद देईना, तर ग्राहक हेल्पलाइन 1915. शाळेच्या ट्यूशन फीवर जुन्या करप्रणालीत मिळणारी वजावट ॲपला मिळत नाही, तेव्हा कोणी कर वाचेल म्हणालं तर ते सोडून द्या.

बचत खात्यातले 60,000 म्हणजे गृहकर्जाचा हप्ता आणि घरखर्च धरून सव्वा महिनाही नाही. त्याला हात लावू नका. जो 2,250 चा हप्ता झेपेल असं तुम्हाला वाटत होतं, तो पुढच्या पगारापासून आरडीत टाका, मुदत जूनच्या आधी संपेल अशी. पहिलीची फी, दप्तर आणि गणवेश त्यातून निघेल. महिन्याभराने सिबिलचा मोफत अहवाल काढून तुमच्या नावावर नवं कर्ज चढलेलं नाही ना, तेवढं पाहा.