बिब्बा तो, मोहरी ती, लिंबू ते : यात जोडी जमवलीय का?

प्रश्न असा आलाय की दृष्ट काढायला मीठ, मोहरी, मिरच्या घेतात, शनिवारी दाराला लिंबू-मिरची-बिब्बा बांधतात, यात मोहरी-मिरची 'ती', बिब्बा 'तो' आणि मीठ-लिंबू 'ते', तर जुन्या लोकांनी स्त्री-पुरुष बघून या वस्तू ठरवल्या असतील का. प्रश्न फार आवडला, पण मला तसं वाटत नाही. मोहरी तडतडते, मिठाचाही आवाज येतो, मिरच्या जाळून ठसका आला नाही तर दृष्ट होतीच म्हणतात, आणि बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात. निवड या जहालपणावर झालेली दिसते, लिंगावर नाही.

शब्दाचं लिंग वेगळं आणि विधीत वस्तूला मिळणारं लिंग वेगळं. आपल्या सांगलीची हळदच घ्या. नवरीला लावली की ती हळद आणि तीच पूड पालीच्या खंडोबावर उधळली की तो भंडारा, पूड तीच, नाव बदललं आणि नावाबरोबर लिंग पण. शेतात तर अजून भारी, ज्या मधल्या कंदाला बाजूनं हळकुंडं फुटतात तो जेठा गड्डा, बोलताना सरळ 'तो', आणि शेतीच्या पुस्तकात त्यालाच मातृकंद म्हणतात, म्हणजे आई!

रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या धातू-खनिजांच्या औषधांच्या शास्त्रात, हे आणखी स्पष्ट दिसतं. पारा म्हणजे शंकराचं वीर्य आणि गंधक म्हणजे पार्वतीचं रज असं तिथं मानलंय, पण मराठीत आपण तो पारा, तो गंधक असंच म्हणतो. हिऱ्याचे तर नर, नारी आणि नपुंसक असे तीन प्रकार केलेत, ते सुद्धा आकारावरून, आठ पैलूंचा ठसठशीत तो नर, चपटा तो नारी. शब्द एकच, लिंगं तीन.

झाडांपाशी मात्र मी जरा थांबतो. पिंपळाची मुंज करतात, मुंजा राहतो तो पण पिंपळावर, आणि हडळ म्हटलं की चिंच. इथं शब्द आणि समजूत जुळते, आणि मला वाटतं शब्दानं थोडा हात दिलाच असणार, कारण मुंज मुलाची, आणि आपण 'ती पिंपळ' म्हणत असतो तर तिची मुंज लावताना जीभ नक्की अडखळली असती.