हृदयरोग्याने कॉफी किती घ्यावी? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वय ६७ असून मी बँकेतून निवृत्त झालो आहे. काही वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली आणि गेल्या वर्षी नाडी अनियमित असल्याचे लक्षात येऊन ‘एट्रियल फिब्रिलेशन’ असे निदान झाले. मेटोप्रोलोल (ठोक्यांचा वेग आवरणारी), अपिक्सॅबॅन (रक्त पातळ ठेवणारी) आणि एटोरव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी) या गोळ्या नियमित चालू आहेत. रक्तदाब १३०/८० च्या आसपास असतो, मधुमेह नाही. सकाळी तळजाईवर फिरून आल्यावर एक कप, दुपारी चारला एक आणि रात्री जेवणानंतर वाचत बसताना आणखी एक, अशी जुनी सवय आहे. अधूनमधून मित्रांबरोबर फर्ग्युसन रस्त्यावर फिल्टर कॉफी होते, ती वेगळी. डॉक्टरांनी ‘कॉफी बेताने घ्या’ एवढेच सांगितले. घरच्यांनी मात्र कॉफीचा डबाच उचलून ठेवला आहे. कॉफीने खरोखर धडधड वाढते का, आणि बेताने म्हणजे नेमके किती, हे कृपया सांगावे.
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून कॉफी पूर्णपणे सोडण्याचे कारण मला दिसत नाही. दिवसाला दोन लहान कप, आणि त्यांतला दुसरा दुपारी दोनच्या आत, हे प्रमाण आपल्यासाठी योग्य ठरेल. घरच्यांनी डबा खाली काढायला हरकत नाही. रात्रीचा कप मात्र कायमचा बंद करावा, आणि त्याचे कारण हृदयापेक्षा झोपेशी अधिक निगडित आहे.

कॉफीने हृदयाचे ठोके बिघडतात, ही समजूत केवळ घराघरांतली नाही. डॉक्टरांनीही ती वर्षानुवर्षे जोपासली. शरीरात ॲडेनोसिन नावाचे द्रव्य थकवा जाणवून देते आणि हृदयाचा वेग थोडा आवरून धरते. कॉफीतले कॅफीन त्याची जागा अडवते, म्हणून तरतरी येते, आणि ज्याला सवय नाही त्याला छातीत फडफडल्यासारखेही वाटते. एवढ्या तर्कावर अनियमित नाडीच्या रुग्णांची कॉफी सरसकट तोडली गेली. प्रत्यक्षात पडताळून पाहिले तेव्हा चित्र बरेच निराळे निघाले. २०२५ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एट्रियल फिब्रिलेशन असलेले, विजेचा झटका देऊन ठोके नियमित करून घेणारे, अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले २०० कॉफीबाज रुग्ण घेतले होते. निम्म्यांना रोज किमान एक कप कॉफी चालू ठेवण्यास सांगितले आणि निम्म्यांना कॉफीसह सर्व प्रकारचे कॅफीन वर्ज्य करण्यास सांगितले. सहा महिन्यांत कॉफी घेणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांना, तर न घेणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांना हा त्रास पुन्हा झाला. याचा अर्थ कॉफी हे औषध आहे असा घेऊ नये. हे सर्व लोक आधीपासून कॉफी पिणारे होते, चाचणी लहान होती, आणि ज्याला कॉफीची सवयच नाही त्याने ती नव्याने लावून घ्यावी, असे तिच्यावरून म्हणता येत नाही. परंतु आपल्यासारख्या जुन्या कॉफीप्रेमीच्या हातातून कप काढून घेण्याचा आधार मात्र तिने काढून घेतला आहे.

यालाच दुसरीही बाजू आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १०० निरोगी व्यक्तींच्या छातीवर ठोके नोंदणारे यंत्र लावून त्यांना काही दिवस कॉफी घेण्यास आणि काही दिवस टाळण्यास सांगितले होते. कॉफीच्या दिवशी हृदयाच्या वरच्या कप्प्यातले जादा ठोके फारसे वाढले नाहीत, मात्र खालच्या कप्प्यातले वाढले. त्या दिवशी ही माणसे हजारभर पावले जास्त चालली आणि रात्री सरासरी ३६ मिनिटे कमी झोपली. रात्रीचा कप बंद करण्याचा माझा आग्रह यामुळेच आहे. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, काहींना याहूनही अधिक लागतात. रात्री साडेनऊला घेतलेल्या कॉफीचा बराचसा अंमल मध्यरात्र उलटून गेल्यावरही शिल्लक असतो, आणि अपुरी झोप ही अनियमित नाडीला अजिबात मानवत नाही.

आता प्रमाणाविषयी. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० मिलिग्रॅम कॅफीन ही सुरक्षित मर्यादा सांगितली. हृदयरोग्याने तिच्या निम्म्यावर थांबावे, असे मी माझ्या रुग्णांना सांगतो. हा आकडा कोणत्या नियमातला नाही, तो माझा व्यावहारिक निर्णय आहे. अडचण अशी की आपल्याकडे कप मोजून कोणी कॉफी करत नाही. एका घरी बशीसकट येणारा इवलासा कप असतो, तर दुसऱ्या घरी तीच कॉफी स्टीलच्या उंच पेल्यातून येते, आणि दोन्हीकडे ‘मी एकच कप घेतो’ असे तेवढ्याच खात्रीने सांगितले जाते. इन्स्टंट कॉफीच्या सपाट भरलेल्या एका लहान चमच्यात, म्हणजे सुमारे दोन ग्रॅममध्ये, साधारण ६० मिलिग्रॅम कॅफीन धरावे. बाटलीवरचे लेबलही वाचावे, कारण आपल्याकडच्या बऱ्याच कॉफीत चिकोरी मिसळलेली असते आणि चिकोरीत कॅफीन मुळीच नसते. मिश्रणात किती टक्के कॉफी आणि किती टक्के चिकोरी आहे, हे तिथे छापलेले असते. हॉटेलातल्या फिल्टर कॉफीचा अंदाज बांधणे कठीण असते, कारण डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा अर्क, किती दाट आहे आणि बी कोणते वापरले आहे यावर सारे अवलंबून राहते. रोबस्टा जातीच्या बियांत अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असते. म्हणून ज्या दिवशी मित्रांबरोबर फर्ग्युसन रस्त्यावर जाणार असाल, त्या दिवशी तो कप वरचा म्हणून न धरता घरच्या दोनांपैकी एक मानावा.

न गाळता उकळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल हे तेलकट द्रव्य उतरते आणि ते एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढवते. कागदी फिल्टरमध्ये ते अडकते, इन्स्टंट कॉफीत नगण्य असते. दाक्षिणात्य पद्धतीच्या स्टीलच्या फिल्टरला कागद नसल्यामुळे त्यातून थोडेफार उतरू शकते, पण एटोरव्हास्टॅटिन चालू असताना आठवड्यातल्या एक-दोन कपांची काळजी करण्याचे कारण नाही. जायफळ किसून घालायलाही हरकत नाही, चिमूटभर असेल तोवर. माझा खरा आक्षेप साखरेवर आहे. कपात दोन चमचे साखर, वर सायीचे दूध आणि बरोबर दोन खारी, अशी कॉफी दिवसातून तीनदा घेणाऱ्याच्या रक्तवाहिन्यांना कॅफीनपेक्षा बाकीच्या ऐवजाचा धोका जास्त असतो. आइस्क्रीमचा गोळा टाकलेली कोल्ड कॉफी तर पेय म्हणून न मोजता गोडाचा पदार्थ म्हणूनच मोजावी.

आपल्याला स्वतःला कॉफी सोसते की नाही, हे पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे दोन आठवडे वहीत नोंद ठेवणे. कॉफी किती वाजता घेतली, धडधड किती वाजता झाली, त्या वेळी मनगटावर एक मिनिट मोजलेली नाडी किती होती आणि आदल्या रात्री झोप कशी लागली, एवढे लिहिले तरी पुरे. कॉफीनंतर तासा-दोन तासांत दर वेळी त्रास होत असेल, तर चाचण्यांचे निष्कर्ष बाजूला ठेवून आपण कॉफी सोडावी. सोडताना ती एकदम न तोडता आठवडाभरात हळूहळू कमी करावी, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून डोके ठणकू लागते आणि घरात नव्याच आजाराची चर्चा सुरू होते. नोंदीत कॉफीशी काही संबंध दिसला नाही, तर मद्य, वाढलेले वजन आणि झोपेतले मोठ्याने घोरणे यांकडे वळावे. कॉफीचा डबा उचलून ठेवणारी अनेक घरे शनिवारच्या ‘थोड्याशा’ पेयाकडे काणाडोळा करतात. एट्रियल फिब्रिलेशनच्या बाबतीत मद्याविरुद्धचा पुरावा कॉफीपेक्षा कितीतरी भक्कम आहे. छातीत दुखणे, दम लागणे, चक्कर येऊन पडणे किंवा तोंड वाकडे होणे यांपैकी काहीही झाले, तर कॉफीचा विचार करत बसू नये; लगेच १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

रक्तदाबाविषयी एक अट घालतो. आपला रक्तदाब आटोक्यात आहे, म्हणूनच मी दोन कपांना होकार दिला. जपानमधल्या एका दीर्घ पाहणीत, जिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, १६०/१०० किंवा त्याहून अधिक रक्तदाब असलेल्या आणि दिवसाला दोन किंवा अधिक कप कॉफी घेणाऱ्या लोकांत हृदयविकार व पक्षाघाताने मृत्यू होण्याचे प्रमाण कॉफी न घेणाऱ्यांच्या दुप्पट आढळले. एक कप घेणाऱ्यांत तसे दिसले नाही. ज्यांचा रक्तदाब इतका चढा राहतो त्यांनी तो उतरेपर्यंत एका कपावर थांबावे. घरी रक्तदाब मोजायचा असेल तर त्याआधी निदान अर्धा तास कॉफी घेऊ नये, कारण ती काही वेळ आकडा फुगवते आणि विनाकारण गोळी वाढवली जाते.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या असून त्यांच्या हृदयाचे पंपिंग ३० टक्के आहे. दिवसभरात सर्व मिळून दीड लिटरच द्रव द्यावा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. एकादशी आणि चतुर्थीला त्या कॉफीवरच दिवस काढतात. ‘कॉफी म्हणजे पाणी नव्हे’ असे त्यांचे म्हणणे आहे. दम्यासाठी त्यांना थिओफिलिनची गोळीही चालू आहे.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : कॉफी दीड लिटरमध्येच धरायची, चहा, ताक, आमटीचे पाणी आणि गोळीबरोबरचे घोटही त्यातच येतात. सकाळी दीड लिटर पाणी मोजून एका भांड्यात भरून ठेवावे आणि सासूबाईंनी जे काही प्यायले असेल तेवढे त्यातून ओतून टाकावे. शिल्लक डोळ्यांना दिसत राहिली की वाद आपोआप मिटतो.

केवळ पंपिंग कमी आहे म्हणून कॉफी घातक ठरते, असे आढळलेले नाही. ब्राझीलमध्ये केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हृदयाचे पंपिंग कमी असलेल्या ५१ रुग्णांना पाच तासांत ५०० मिलिग्रॅम कॅफीन देऊनही त्यांच्या ठोक्यांतली अनियमितता वाढली नाही. सासूबाईंच्या बाबतीत मला काळजी वाटते ती थिओफिलिनची. कॅफीन आणि थिओफिलिन ही रासायनिकदृष्ट्या भावंडे असून यकृतातले एकच विकर (एन्झाइम) दोघांना निकालात काढते; त्यातून हृदय कमकुवत असले की थिओफिलिन शरीरात आधीच जास्त वेळ रेंगाळते. हात थरथरणे, मळमळ, उलटी किंवा नाडी वेगाने पळणे असे काही उपवासाच्या दिवशी दिसत असेल, तर दोघांची बेरीज झाली असे समजावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. तोवर सकाळी एक लहान कप, एवढेच द्यावे. दम्यासाठी गोळीऐवजी इन्हेलर चालेल का, हेही पुढच्या भेटीत अवश्य विचारावे. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविकही यकृतातले हेच विकर अडवते, म्हणून लघवीच्या किंवा अन्य जंतुसंसर्गासाठी कोणी दुसऱ्या डॉक्टरांनी औषध लिहिले, तर थिओफिलिन चालू असल्याचे त्यांना आठवणीने सांगावे.

आणि उपवास करायचाच असेल तर लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास ती त्या दिवशी किती घ्यायची, हे आधी विचारून ठेवावे. रिकाम्या पोटी ती गोळी आणि दिवसभर नुसती कॉफी, यामुळे रक्तदाब फार खाली जाऊ शकतो. संध्याकाळी साबुदाण्याबरोबर खारवलेले वेफर्स येत असतील, तर ते आधी बंद करावेत. मिठामुळे पायांवर जेवढी सूज येईल, तेवढी एका कप कॉफीने येणार नाही.

प्रश्न : स्ट्रेस थॅलियम तपासणीच्या आधी २४ तास कॉफी का बंद करायला सांगतात? चहा चालतो का?
— एक वाचक, औंध

उत्तर : हृदयाच्या रक्तपुरवठ्यातला अडथळा शोधणाऱ्या या तपासणीत बऱ्याचदा ॲडेनोसिन किंवा त्याच्यासारखे औषध शिरेतून देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. वर सांगितल्याप्रमाणे कॅफीन ॲडेनोसिनचीच वाट अडवत असल्याने औषध नीट काम करत नाही आणि असलेला अडथळा दिसायचा राहून जातो. त्यामुळे चहा, चॉकलेट, कोला तर नाहीच, पण कॅफीनविरहित म्हणून विकली जाणारी कॉफीही त्या काळात नको, कारण तिच्यातही थोडे कॅफीन उरलेले असते. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफीन असते, तेव्हा त्याही पाहाव्यात. चुकून घोटभर घेतलेच असेल तर ते न लपवता तपासणीपूर्वी तिथल्या तंत्रज्ञांना सांगावे; ते तारीख पुढे ढकलतील किंवा डॉक्टरांना विचारून दुसरे औषध वापरतील.