रॉक-जॅझच्या कार्यक्रमात ड्रम सोलो लोकांना एवढा का आवडतो?

सूर थांबतात, नुसता ताल उरतो आणि पुढचा ठोका कुठं पडणार याच्या मागं आपलं डोकं लागतं, मजा त्यातच आहे की. मी इथं बेळगावात विसर्जनाला ताशा वाजवतो, ढोल थांबवून एकटा ताशा सुटला की गर्दी अशीच थबकते. जॅझमध्ये मात्र नुसती बडवाबडवी नसते, मॅक्स रोच हा जॅझ ड्रमर गाण्याची चौकट मनात धरूनच सोलो वाजवायचा, आणि कधी सॅक्सोफोनवाला ४ बार (बार म्हणजे ठराविक मात्रांचा एक छोटा तुकडा), मग ड्रमर ४ बार असा सवाल-जवाब चालतो, तो कळायला लागला की खरी गोडी. रॉकमध्ये बघण्यातच निम्मी गंमत, लेड झेपेलिन बँडचा ड्रमर जॉन बोनहॅम तर काठ्या टाकून हातानं ड्रम वाजवायचा. फक्त हे समोर उभं राहून ऐकायचं, मोबाईलच्या स्पीकरवर बास ड्रमचा, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा दणका येतच नाही, कंटाळशील.