शून्य अंतरावरचं जनुक

प्रश्न : चिप-सेकच्या पीक्सची (ठरावीक प्रथिनं डीएनएवर जिथे सापडली त्या जागांची) बेड फाइल, म्हणजे गुणसूत्र, सुरुवात, शेवट अशा रकान्यांची यादी, आणि जनुकांची फाइल देऊन मी ‘बेडटूल्स क्लोजेस्ट’ हे सर्वांत जवळचं जनुक शोधणारं टूल चालवलं. अंतराच्या रकान्यात ढीगभर शून्यं आली आणि काही पीक्ससमोर दोन-दोन जनुकं. आमचे सर म्हणतात, पहिलं घे आणि पुढे चल. घेऊ का?
— एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी

उत्तर : इतक्यात नको.

शून्य म्हणजे पीक जनुकावर पडलंय, एवढंच. तुम्ही अख्खं जनुक दिलंत, त्यामुळे पीक लाखभर बेस (डीएनएची अक्षरं) लांबीच्या जनुकाच्या शेपटाकडे असलं तरी अंतर शून्यच. दोन जनुकं एकमेकांवर चढलेली असली की दोघांचंही शून्य. बरोबरी झाली की हे टूल सगळ्या जोड्या छापतं. त्यातलं ‘पहिलं’ म्हणजे फाइलमध्ये आधी आलेलं. त्यात जीवशास्त्र शोधू नका.

अंतर मोजायचं ते जनुकाचं वाचन जिथे सुरू होतं तिथपासून. त्यासाठी प्रत्येक जनुकाच्या आरंभाचा एकच बेस घेऊन वेगळी बेड फाइल करा. इथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे. सरसकट दुसरा रकाना आरंभ म्हणून उचलला. उणे स्ट्रँडवरची (डीएनएच्या दुसऱ्या धाग्यावरची) जनुकं उलटीकडून वाचली जातात, त्यांचा आरंभ तिसऱ्या रकान्याच्या टोकाला असतो, हे डोक्यातच आलं नाही. तीन आठवडे आलेख रंगवत बसले. मग एच३के४मी३ या हिस्टोन प्रथिनावरच्या रासायनिक खुणेची पीक्स आयजीव्ही या जीनोम पाहायच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. ही खूण प्रमोटरपाशीच, म्हणजे जनुकाच्या आरंभापाशीच, दिसायला हवी. अधिक स्ट्रँडवर माझे बिंदू तिच्याजवळ होते, उणेवर थेट जनुकाच्या दुसऱ्या टोकाला! तेव्हापासून दहा ठिकाणं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कुठलीच यादी पुढे सरकवत नाही. (बेड शून्यापासून मोजतं, जीटीएफ हा जनुकांच्या फाइलचा प्रकार एकापासून. त्यात एका बेसची चूक होते, ती सुधारा, पण झोप उडवून घेऊ नका.)

एवढं करून हाती लागतो तो शेजारी. मालक दुसराच असू शकतो. झेडआरएस हा एन्हान्सर (जनुकाचं काम वाढवणारा डीएनएचा तुकडा) एलएमबीआर१ या जनुकाच्या पाचव्या इंट्रॉनमध्ये (प्रथिनासाठी न वापरल्या जाणाऱ्या भागात) आहे. तुमच्या पद्धतीने त्याच्यासमोर ‘एलएमबीआर१, अंतर ०’ असंच येईल. प्रत्यक्षात हातपाय घडताना तो चालवतो सॉनिक हेजहॉग या जनुकाला, जवळजवळ १० लाख बेस पलीकडच्या. त्याच्यात बिघाड झाला की जास्तीची बोटं येतात. एफटीओ जनुकाचंही तेच. २००७मध्ये लठ्ठपणाशी जोडलेले बदल त्याच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये सापडले, आणि २०१४मध्ये बोट गेलं लांबच्या आयआरएक्स३ जनुकाकडे.

‘ग्रेट’ हे पीक्स जनुकांशी जोडणारं टूल वापरून पाहा. ते प्रत्येक जनुकाला आरंभाआधी ५ हजार आणि नंतर १ हजार बेसचं हक्काचं अंगण देतं, आणि शेजाऱ्याचं अंगण लागेपर्यंत, फार तर १० लाख बेस, ते दोन्हीकडे वाढवतं. तोही अंदाजच. त्याच ऊतीतला हाय-सी (डीएनएचे कोणते भाग एकमेकांना भिडतात ते दाखवणारा प्रयोग) किंवा जीटेक्स या माहितीसंग्रहातला ईक्यूटीएल (जनुकाच्या कामाचं प्रमाण बदलण्याशी जोडलेला डीएनएतला फरक) जोडीला असेल, तर मी विश्वास ठेवीन.

तोवर दोन्ही जनुकं यादीत राहू द्या आणि रकान्याला ‘टार्गेट’ऐवजी ‘जवळचं जनुक’ असं नाव द्या. सरांची त्याला हरकत नसावी.