निषेध: आपला आणि कन्नडचा

पुण्याहून बेळगावला आलेल्या एका वाचकांना बसस्टँडवरची कन्नड पाटी मित्रानं वाचून दाखवली, ‘धूमपान निषेधिसलागिदे’. इथं विडीचासुद्धा निषेध करतात का, असं त्यांनी आधी गमतीनं विचारलंय. मग खरा प्रश्न: हा शब्द कुणी चुकीचा वापरलाय, कन्नडनं की आपण?

कुणीच नाही. संस्कृतात नि + सिध् म्हणजे हाकून लावणं, वारणं. निषेध म्हणजे मनाई. मीमांसक, म्हणजे वेदांचा अर्थ लावणारे पंडित, वेदवाक्यांत विधी आणि निषेध वेगळे काढतात, हे कर आणि ते करू नको. कन्नडनं तो अर्थ जसाच्या तसा ठेवला. मराठीत हे काम फारसी-अरबीतून आलेल्या ‘बंदी’ नि ‘मनाई’नं पटकावलं: दारूबंदी, प्लास्टिकबंदी, जमावबंदी. रिकामा झालेला निषेध मग सभा-ठरावांत जाऊन बसला, असं मला वाटतं. जुना अर्थ ‘निषिद्ध’मध्ये आणि ‘विधिनिषेध न बाळगता’मध्ये अजून आहे, आपलं लक्ष जात नाही इतकंच. आपल्या निषेधाला कन्नडात ‘खंडने’ म्हणतात, निदर्शनांना ‘प्रतिभटने’.

मला गंमत वाटते ती दिशेची. कन्नड निषेध वरून खाली येतो, ज्याच्या हाती अधिकार तो करतो. मराठी निषेध खालून वर जातो. थांबवायची ताकद नाही, पण मान्यही नाही, अशा माणसाचा तो शब्द. बेळगावात १ नोव्हेंबरला दोन्ही समोरासमोर येतात. १९५६ साली याच तारखेला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, म्हणून मराठी माणसं निषेधाचा काळा दिन पाळतात. राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिनही त्याच दिवशी. अशात जमावबंदी लागली, तर कन्नड पेपरात ती ‘निषेधाज्ञे’ असते. निषेधावरच निषेध! (कलम १४४ जाऊन १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेतलं १६३ आलं, पण लोकांच्या तोंडी अजून १४४च.)

घोळ होतो तो भाषांतरात. कन्नड ‘निषेध’ मराठीत आणताना बंदी किंवा मनाई लिहावं, हे सोपं आहे, तरी चुकतं. मध्यंतरी आमच्या गल्लीत एक कागद चिकटवला होता, ‘प्लास्टिक पिशव्यांचा निषेध’. मी तो भाजीवाल्या मावशींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “निषेध असू दे बाबा, भाजी कशात घालू ते सांग.”