पहिल्यांदाच आईला घेऊन बँकॉकला चाललोय. इंग्रजी जेमतेम आहे. टूर कंपनीशिवाय फिरणं सुरक्षित आहे का? रात्री टॅक्सी कशी करायची?

आहे. बिनधास्त जा. आणि ते "इंग्रजी जेमतेम" तुम्ही जे घाबरत घाबरत लिहिलंय ना, ते वाचूनच मी उत्तर लिहायला बसलो. तिथल्या टॅक्सीवाल्याचं इंग्रजी तुमच्यापेक्षा कच्चं असतं. भाषेवाचून कोणाचं अडत नाही, अडतं ते मोबाईलला नेट नसलं की. विमानतळावरच सिम घ्या आणि हॉटेलचा पत्ता थाई लिपीत लिहिलेलं कार्ड खिशात ठेवा. इंग्रजीचा विषय संपला.

मी दारव्हा तालुक्यातला. शेती आहे, सोबत कृषी केंद्र. बँकॉक पहिल्यांदा पाहिलं ते डीलर टूरमध्ये. बियाण्याचं टार्गेट झालं की कंपनी नेते, हे आपल्याकडच्या कोणालाही सांगायला नको. बसमधून उतरा, फोटो काढा, बसमध्ये चढा. तेव्हाच मनात घेतलं की मायला इथं आणायचं आणि आपण स्वतः फिरवायचं. हे बोलून दाखवलं एका लग्नात, तर माझे साडू पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, "साडूभाऊ, तुम्ही गावाकडचे लोक. तिकडं लुबाडतात. टूर घ्या, सेफ असतं." साडू पुण्यात असतात, मोठ्या नोकरीत आहेत. पाहुण्यांच्या घरचं कार्य होतं, म्हणून मी बुंदी खात बसलो.

तर गेलो. मी, बायको आणि माय. माय नऊवारी लुगड्यात. हॉटेल मुद्दाम स्कायट्रेनच्या, म्हणजे तिथल्या पुलावरून धावणाऱ्या मेट्रोच्या, स्टेशनजवळ घेतलं होतं (तुम्हीही तेच करा, हजार-पाचशे जास्त गेले तरी चालतील). राजवाडा (ग्रँड पॅलेस) पाहायचा म्हणून स्कायट्रेननं सफान ताक्सिनला उतरलो. स्टेशनाखालीच नदीचा घाट आहे. तिथून नारंगी झेंड्याची बोट पकडली. निळ्या झेंड्याची बोट खास पर्यटकांसाठी असते आणि महाग असते. घाटावरचे लोक तुम्हाला तिकडंच ढकलतात, ढकलू द्या, तुम्ही नारंगीच्या रांगेत उभे राहा. ता चांग घाटाला उतरलो आणि राजवाड्याच्या भिंतीकडं चालू लागलो.

वाटेत एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हसरा चेहरा. इंडिया का, म्हणाला. मग एकदम वाईट वाटल्यासारखं तोंड करून सांगतो की राजवाडा आज दुपारी एकपर्यंत बंद आहे, आत भिक्षूंची पूजा चालू आहे. पण काळजी नको. त्यानं माझ्या हातातल्या नकाशावर पेननं तीन देवळांवर गोल केले. तोवर बाजूला टुकटुक, म्हणजे तिथली ऑटोरिक्षा, येऊन उभीच. तिन्ही देवळं दाखवून परत आणीन, फक्त २० बाट.

मायनं विचारलं, "काय म्हणते रे थो?" मी सांगितलं, बंद आहे म्हणते. माय भिंतीकडं पाहत म्हणाली, "बंद हाय तं मंग हे एवढे लोकं कुठं घुसून रायले?"

आणि मला कापसाची गाडी आठवली. ज्यानं एकदा तरी कापूस विकला आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तुम्ही गाडी भरून मार्केटला निघता, फाट्यावर मोटरसायकल आडवी लावून कोणीतरी उभा असतो. "काका, आज काटा बंद हाय. लाईन लागली हाय दोन दिवसाची. इथंच देऊन टाका, नगदी देतो." काटा चालूच असतो. गाडी तिथं खाली केली की भाव त्याचा आणि वजनही त्याचंच. माझा बाप आयुष्यभर एकच करायचा, "पाहून येतो बंद हाय का," म्हणून गाडी पुढं हाकायचा. मीही त्या शर्टवाल्याला हात जोडले आणि पाहून येतो म्हणालो. दोन मिनिटांत मुख्य दरवाजा आला. उघडा. ५०० बाटचं तिकीट काढून आत. राजवाडा एरवी सकाळी साडेआठला उघडतो आणि दुपारी साडेतीनला तिकीट बंद होतं. एखाद्या राजसोहळ्याला खरंच बंद असतो, पण ते आदल्या दिवशी त्यांच्या अधिकृत साईटवर पाहा. रस्त्यावरच्या माणसाला विचारायची ती गोष्ट नाही.

त्या २० बाटच्या टुकटुकमध्ये बसलं तर काय होतं? मारत नाहीत, चाकू दाखवत नाहीत. एखादं देऊळ खरंच दाखवतात. मग गाडी थांबते हिरे-माणकांच्या दुकानासमोर किंवा शिंप्याच्या दुकानासमोर. ड्रायव्हरला तिथून कमिशन मिळतं. आत तुम्हाला सांगतात की सरकारी सूट आजचाच दिवस आहे, हा खडा तुमच्या देशात दुप्पट भावानं जाईल. हा धंदा तिथं कित्येक वर्षं जुना आहे आणि चांगले शिकलेसवरलेले लोक त्यात फसतात, कारण त्यांना कोणी नम्रपणे इंग्रजीत बोललं की बरं वाटतं.

आतलं सांगायचं राहिलं. पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवती लांबच लांब ओसरी आहे, तिच्या भिंतीवर सगळं रामायण काढलंय, १७८ चित्रं. त्यांचा हनुमान पांढराशुभ्र आणि रावण हिरवा. माय पहिल्या चित्रापासून चालत निघाली आणि सुनेला सांगत गेली, हे लंका, हे सेतू, हे कुंभकर्ण. मधली काही प्रकरणं त्यांची वेगळी आहेत, तिथं थांबून म्हणायची, "हे आपल्यात नाई." पाय दुखतात म्हणून दारव्ह्याच्या बाजारात अर्ध्यावर बसणारी बाई इथं दोन तास उभी होती. टूरवाल्यांचे घोळके येत होते, झेंडीवाला घड्याळ दाखवत होता, दहा मिनिटांत पुढं. आम्हाला हाकलायला कोणी नव्हतं.

आता साडूभाऊंकडं येतो. ते टूरनं गेले होते, सेफ. तिसऱ्या दिवशी त्यांच्या गाईडनं अख्खी बस रत्नांच्या शोरूमला नेली, टूरमध्ये "इन्क्लुडेड" होतं म्हणे. साडूंना साडेसाती चालू होती, त्यांनी नीलम घेतला. नागपूरला आले तेव्हा इतवारीतल्या एका सराफाला दाखवला. सराफ भला माणूस, म्हणाला दगड खरा आहे, पण एवढ्या पैशात मी तुम्हाला असे दोन दिले असते. अंगठी अजून बोटात आहे. आता मला सांगा, टुकटुकमध्ये बसवून दुकानात नेणारा ठग आणि एसी बसमध्ये माईक हातात घेऊन नेणारा गाईड? कमिशन दोघंही खातात. टूरला तुम्ही त्याचे पैसे आधी भरता, एवढाच फरक. साडू हे वाचत असतील तर वाचा, पंगतीत उत्तर द्यायचं राहिलं होतं.

तुमच्या कामाचं थोडं सांगतो. एटीएम कार्डावर परदेशातला वापर बँकेच्या अॅपमधून चालू करून घ्या. २०२० पासून कार्ड फक्त देशातल्या वापरासाठीच चालू होऊन येतं, तिथं जाऊन कळलं तर पंचाईत. तिथलं एटीएम दर वेळी २०० बाटच्या वर फी कापतं, म्हणून थोडे थोडे काढत बसू नका. मे २०२५ पासून थायलंडला पोचायच्या आधी तीन दिवसांत ऑनलाईन अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साईट बोगस. पासपोर्ट मोटरसायकल भाड्यानं देणाऱ्याकडं गहाण ठेवू नका. खरं तर तिथं मोटरसायकल घेऊच नका, चोरापेक्षा त्या शहरातली रहदारी जास्त माणसं जायबंदी करत असेल. आई शाकाहारी असतील तर बँकॉकच्या पाहुरात भागात मोठा गुरुद्वारा आहे, सकाळी लंगर असतो. माझ्या मायनं तिथं पोळी पाहिली तेव्हा तिला खरं बरं वाटलं. राजाबद्दल गमतीनंसुद्धा काही बोलू नका किंवा लिहू नका, एकेका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे. ई-सिगारेटवर बंदी आहे. काहीही झालं तर टुरिस्ट पोलीस ११५५, ते इंग्रजी बोलतात.

हे लिहून झाल्यावर सांगायला हवं की टूर सगळ्यांसाठी वाईट नाही. आईचे गुडघे फारच गेलेले असतील, किंवा पटाया-फुकेत सगळं चार दिवसांत उरकायचं असेल, तर घ्या टूर, फक्त शोरूममध्ये बसमधून उतरू नका. एकट्या बाईनं रात्री फिरण्याबद्दल मी बोलणार नाही, ते बायांना विचारा. आणि गावातलं कोणी पोरगं "बँकॉकला कॉम्प्युटरवर नोकरी आहे, तिकीट ते देतात" म्हणून तुमच्यासोबत यायला निघालं असेल तर त्याला घरीच बसवा. अशा पोरांना तिथून सीमेपलीकडं म्यानमारला नेऊन ऑनलाईन फसवणुकीच्या अड्ड्यात डांबतात. मार्च २०२५ मध्ये अशा ५०० हून जास्त भारतीयांना सरकारनं वायुसेनेच्या विमानांनी परत आणलं.

रात्रीच्या टॅक्सीचं राहिलंच. ग्रॅब अॅप वापरा (आपल्या ओला-उबरसारखं), भाडं आधी दिसतं. रस्त्यावरची केली तर आधी "मीटर" म्हणा. तो ३५ किंवा ४० बाटपासून सुरू होतो. नाही म्हणाला की दार बंद करा आणि मागची गाडी पाहा, मागं गाडी असतेच. विमानतळावरून येताना मशीनमधून चिठ्ठी निघते, तिच्यावर टॅक्सीची माहिती असते. मीटरवर ५० बाट जास्त आणि टोल तुमचा, हे नियमातलं आहे, त्यावरून भांडू नका. चिठ्ठी ड्रायव्हर मागतो. देऊ नका.